लोड घेणारा डबा

मानोऱ्यात ‘लोड’ म्हटलं की तीन गोष्टी निघतात. पहिला लोड बैठकीतला. कापसाने ठासून भरलेला, सोयरिकीच्या बोलणीला आलेल्या पाहुण्याच्या पाठीशी सरकवायचा, तक्क्याचा थोरला भाऊ. दुसरा लोड विजेचा. सरकारी कागदावर तो ‘भार’ असतो आणि त्याच्या कपातीला ‘भारनियमन’ म्हणतात. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री दोनला उठणारा माणूस मात्र त्याला लोडशेडिंगच म्हणतो. तिसरा लोड कॉलेजातल्या पोरांचा. पेपर अवघड गेला, सोयाबीनचा भाव पडला, सोयरीक मोडली, की दोस्त खांद्यावर हात टाकून सांगतो, “लोड नको घेऊ.”

ज्या डब्याची ही कुळकथा आहे, तो या तिन्ही लोडांचा नातलग. तो यंत्राला टेकायला पाठ देतो, विजेचा भार उचलतो आणि लोड घेण्याखेरीज आयुष्यात दुसरं काहीही करत नाही. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात त्याला ‘रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स’ म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरच्या जागी हा डबा जोडायचा. मग अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने चालतो, व्हॉल्व्हच्या काचेत केशरी उजेड दिसतो, आणि खोलीत ऐकू येतो तो फक्त छताचा पंखा. डब्यातून एक बारीक वायर निघून रेकॉर्डिंगच्या यंत्राकडे जाते. वाजवलेलं सगळं तिथे, हेडफोनमध्ये सापडतं.

मानोरा वाशिम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला, तोवर अकोल्यात मोडणारं. अशा गावात आवाजाचा सगळा कारभार मंडप-डेकोरेशनवाल्याच्या आणि रिपेरिंगवाल्याच्या हातात असतो. लग्नं, जयंतीच्या मिरवणुका, भीमगीतांचे कार्यक्रम, तांड्यावरची तीज, आणि तालुक्यातच असलेल्या पोहरादेवीची रामनवमीची यात्रा. गिटार दिसलीच तर ऑर्केस्ट्रात, ऑक्टोपॅडच्या शेजारी. पण लोडची गरज गिटारमुळे निर्माण झालेली नाही, ती अ‍ॅम्प्लिफायरमुळे झाली आहे. दुरुस्त केलेला अ‍ॅम्प्लिफायर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी भर ताकदीवर चालवून पाहावा लागतो. भर बाजारात, शेजारी किराणा आणि समोर दवाखाना असताना शंभर वॅटचा भोंगा तासभर वाजवणार कसा? तेव्हा भोंग्याऐवजी जाड रेझिस्टर किंवा हीटरची कॉइल लावायची. “चालू हाये म्हनता, मंग आवाज कुठी हाये?” असं कुणी विचारलंच, तर उत्तर सोपं: “आवाज ह्या कॉइलीनं खाल्ला.”

नुसतं उघडं ठेवून का चालवत नाहीत? याचं उत्तर अ‍ॅम्प्लिफायरच्या जातीवर आहे. ट्रान्झिस्टरवाला अ‍ॅम्प्लिफायर तारा एकमेकींना चिकटल्या की जातो. स्पीकर लावलाच नाही तर सहसा स्वस्थ बसतो. व्हॉल्व्हवाल्याची तऱ्हा उलटी. त्याच्या पोटात आउटपुट ट्रान्स्फॉर्मर असतो. व्हॉल्व्हच्या बाजूला शेकडो व्होल्ट आणि थोडासा प्रवाह, स्पीकरच्या बाजूला थोडे व्होल्ट आणि भरपूर प्रवाह, अशी अदलाबदल तो करतो. स्पीकर नसताना जोरदार सिग्नल दिला, तर ट्रान्स्फॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेल्या ऊर्जेला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती व्होल्टेज होऊन उसळते आणि वेढ्यांचं इन्सुलेशन नाहीतर व्हॉल्व्हचं सॉकेट जाळून वाट काढते. विहिरीत पाणी नसताना मोटर चालू राहिली की काय होतं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जळण्याची कारणं दोन्हीकडे वेगळी, धडा मात्र एक: ओझ्यासाठी घडवलेल्या यंत्राला रिकामं पळवू नये.

तर यंत्राला ओझं हवं आणि माणसांना शांतता हवी. या डब्याची दोन्ही घराणी याच पेचातून निघाली. एका घराण्याने नुसतं ओझं दिलं. दुसऱ्याने ओझ्याचा स्वभाव दिला.

बापाचं घराणं: दिव्यांची फळी

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत डायनॅमो विकले जाऊ लागले, तेव्हा विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही एक प्रश्न पडला. यंत्रावर लिहिलेली वीज ते खरंच देतं का, हे बघायचं कसं? ती वीज वापरणारं गाव अजून उभं राहायचं होतं. म्हणून खोटं गाव उभं केलं गेलं. लाकडी फळीवर दिव्यांच्या रांगा बसवल्या आणि एकेक बटण दाबत भार चढवला. दिव्यांनी भागेना तेव्हा मिठाचं पाणी पिंपात भरून त्यात लोखंडी पत्रे सोडले. पत्रे जितके खोल तितका प्रवाह जास्त. पाणी तापायचं, उकळायचं, आणि त्या उकळण्यातच डायनॅमोची सगळी मेहनत जिरायची. दिव्यांची ती फळी अजून जिवंत आहे. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या विजेच्या प्रयोगशाळेत ज्याने ट्रान्स्फॉर्मरची चाचणी घेतली असेल, त्याने ‘लॅम्प लोड’ची बटणं दाबलेली असतात.

रेडिओ आला तेव्हा हीच युक्ती वेगळ्या कारणासाठी लागली. ट्रान्समीटर जुळवताना तो चालवावा तर लागतो, पण खऱ्या अँटेनाला जोडून चालवला तर सगळ्या आसमंतात किरकिर. म्हणून अँटेनाच्या जागी रेझिस्टर लावायचा. त्याला नाव पडलं ‘डमी अँटेना’ किंवा ‘डमी लोड’. अमेरिकेच्या हीथकिट कंपनीने १९६० च्या दशकात हौशी रेडिओवाल्यांसाठी तो डब्यात भरून विकला. डबा रंगाचा, एक गॅलनचा. आत ५० ओहमचा रेझिस्टर, वर ट्रान्स्फॉर्मरचं तेल. हजार वॅटचा ट्रान्समीटर त्याच्यात थोडा वेळ निमूट बुडवता यायचा. ‘कॅन’ आणि ‘अँटेना’ यांची मोट बांधून त्याचं नाव ठेवलं ‘कॅन्टेना’.

या घराण्यातल्या प्रत्येकाची एकच विद्या: वीज घ्यायची, उष्णता करायची, गप्प बसायचं. त्यातही कोण किती खरं बोलतो यात फरक आहे. २३० व्होल्टचा १०० वॅटचा दिवा पूर्ण पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो, पण थंड असताना त्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याचा. म्हणजे हळू वाजवलं की एक भार, जोरात वाजवलं की दुसराच. हीटरची नायक्रोमची तार जास्त भरवशाची. थंड-गरम तिचा आकडा फारसा हलत नाही. २३० व्होल्टची २००० वॅटची कॉइल साडेसव्वीस ओहमची. अशा तीन समांतर जोडल्या की नवाच्या जरा आत येतात, आठ ओहमच्या स्पीकरची जागा चालवून न्यायला पुरेशा. पट्टीच्या रिपेरिंगवाल्याला हा हिशेब कागदाविना येतो.

पण जागा चालवून नेणं वेगळं आणि त्या माणसासारखं वागणं वेगळं. त्यासाठी डब्याच्या आईच्या माहेरी जायला हवं.

आईचं माहेर: खोटी तार

१८५३ साली व्हिएन्नाच्या विल्हेल्म गिंटलने एक खटपट सुरू केली. तारायंत्राच्या एकाच तारेवरून दोन्ही गावांनी एकाच वेळी संदेश पाठवायचे, म्हणजे दुहेरी तारायंत्र. अडचण उघड होती. आपण पाठवलेल्या कडकट्टने आपलंच यंत्र वाजायला नको, पण समोरून आलेल्याने वाजायला हवं. त्यावर जी युक्ती चालली ती अशी: पाठवताना विजेचे दोन सारखे वाटे करायचे. एक वाटा खऱ्या तारेत जाईल, दुसरा ऑफिसातच ठेवलेल्या ‘खोट्या तारे’त. आपलं यंत्र दोन्हींच्या मधोमध, तराजूच्या काट्यासारखं. दोन्ही पारडी सारखी असली की काटा हलत नाही. समोरच्या गावाचा संदेश आला की एक पारडं जड होतं आणि काटा हलतो.

सगळी मदार खोट्या तारेवर. शेकडो मैलांच्या तारेचा जेवढा रोध, तेवढ्या रोधाची गुंडाळी टेबलावर ठेवली की झालं, असं वाटत होतं. झालं नाही. वीज सुरू होताना आणि थांबताना काटा दर वेळी झटका घ्यायचा. कारण लांब तार नुसता रोध करत नाही. ती लांबच लांब टाकीसारखी आधी भरते आणि मग रिकामी होते. रेझिस्टरला भरणं-रिकामं होणं माहीतच नाही. अमेरिकेच्या जोसेफ स्टर्न्सने १८७२ च्या सुमारास खोट्या तारेत कंडेन्सर घातले. आता खोटी तारही भरू लागली, रिकामी होऊ लागली, आणि काटा स्थिर झाला. दुहेरी तारायंत्र तेव्हा कुठे धंद्याला लागलं.

समुद्राखालच्या तारांचं भरणं-रिकामं होणं याहून कितीतरी मोठं आणि मंद. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लॉर्ड मेयोने खामगावच्या रेल्वे शाखेचं उद्घाटन केलं. वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईला आणि त्याचा भाव समुद्राखालून मुंबईला, अशी दोन्ही टोकं एकाच वर्षी जुळली. या लांब तारा दुहेरी करायच्या, तर ऑफिसात अख्खा समुद्र बसवायला हवा. अलेक्झांडर मुइरहेडने १८७५ च्या सुमारास तो बसवला. कथलाचे पातळ पत्रे आणि मेणकागद यांचे थर एकावर एक. त्यातला एक पत्रा नागमोडी कापलेला, म्हणजे तोच रोधही झाला आणि कंडेन्सरची एक बाजूही. त्या पेट्यांच्या रांगेला टोकाशी आलेली वीज खऱ्या समुद्रतारेपेक्षा वेगळं समजत नव्हती.

याच दुहेरी तारायंत्राच्या गणितात न्यूकॅसलचा एक तारमास्तर गुंतला होता, ऑलिव्हर हेविसाइड. १८७३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने या विषयावर निबंध छापला. पुढे १८८६ मध्ये त्याच हेविसाइडने ‘इम्पीडन्स’ हा शब्द घडवला. मराठीत त्याला संरोध म्हणतात. रोध म्हणजे सरळ अडवणं. संरोधात अडवणं तर आहेच, शिवाय साठवणं आणि परत फेकणंही आहे, आणि त्याचं माप वीज किती झपाट्याने उलटसुलट होते त्यावर ठरतं. त्यातल्या ‘परत फेकण्या’च्या भागाला १८९३ साली ओस्पितालिये या फ्रेंच अभियंत्याने ‘रिअ‍ॅक्टन्स’ हे नाव सुचवलं. आपल्या डब्याच्या नावातला ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ तो हा. त्या शब्दाचा जन्म झाला तेव्हा जगात ना स्पीकर होता, ना इलेक्ट्रिक गिटार.

पोहरादेवीचा नंगारा

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. बंजारा समाजाचं हे मोठं तीर्थ. रामनवमीला देशभरातले तांडे इथे उतरतात. ५ ऑक्टोबर २०२४ ला इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्या इमारतीचा आकार नंगाऱ्याचा आहे. धातूच्या भांड्यावर ताणलेलं कातडं, एवढाच नंगारा. पण स्पीकरचा स्वभाव समजायला याहून चांगलं यंत्र शोधून सापडणार नाही.

नंगाऱ्यावर टिपरू मारा. कातडं आत जातं, भांड्यातली हवा दबते आणि स्प्रिंगसारखी कातड्याला परत लोटते. टिपरू उसळून हातात येतं. कातड्याचा ताण, त्याचं वजन आणि आतली हवा मिळून एक सूर ठरवतात आणि त्या सुरावर नंगारा हलक्या टिपऱ्यानेही घुमतो. त्याच टिपऱ्याने मातीच्या ढिगावर मारा. माती सगळा मार खाते, काहीच परत देत नाही. माती म्हणजे रेझिस्टर. नंगारा म्हणजे स्पीकर.

१९२५ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी भोंग्याशिवायच्या स्पीकरवर निबंध वाचला. कागदाचा शंकू, त्याच्या बुडाशी तारेची कॉइल, कॉइलभोवती चुंबक. आजचा जवळजवळ प्रत्येक स्पीकर त्याच बेताचा. या बेतात एक गंमत दडलेली आहे. कॉइलमध्ये वीज सोडली की ती हलते. पण चुंबकात कॉइल हलली की तिच्यातून वीजही निघते. म्हणजे स्पीकर एकाच वेळी मोटर आणि डायनॅमो दोन्ही आहे. अ‍ॅम्प्लिफायर त्याला ढकलतो, तेव्हा तो अ‍ॅम्प्लिफायरलाही उलट ढकलतो.

हे उलट ढकलणं मोजता येतं. पाठीवर ‘८ ओहम’ छापलेला बारा इंची गिटार स्पीकर घ्या. बॅटरीच्या सरळ विजेला त्याचा रोध सहा-सात ओहम निघतो. मोकळ्या हवेत ७५ हर्ट्झच्या आसपास आणि बंद खोक्यात १०० च्या जवळ त्याचा स्वतःचा घुमायचा सूर येतो. तिथे शंकू जोरात डोलतो, कॉइल डायनॅमो होऊन उलट जोर लावते आणि संरोध पन्नास ओहमच्याही वर चढू शकतो. चारशे हर्ट्झच्या सुमाराला तो खाली, छापील आकड्याच्या जवळ येतो. त्यापुढे कॉइलचे वेढे विजेच्या झपाट्याला विरोध करू लागतात आणि संरोध पुन्हा चढत जातो. दहा हजार हर्ट्झला तो तीस ओहमच्या घरात असतो. कागदावर काढलं तर आधी टेकडी, मग दरी, मग लांब चढ. आठ ओहम खरे फक्त दरीत.

ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर या टेकडीची फारशी पर्वा करत नाही. तो ठरलेला व्होल्टेज देतो, समोर कुणीही असो. गिटारचा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर मऊ मनाचा. समोरच्याचा स्वभाव पाहून वागतो. जिथे संरोध जास्त तिथे त्याचा व्होल्टेज चढतो. म्हणून खालच्या टेकडीवर आवाजाला छाती येते आणि वरच्या चढावर धार. त्याच अ‍ॅम्प्लिफायरला नुसता आठ ओहमचा रेझिस्टर लावा. सगळं सपाट होतं. वाजवणाऱ्याच्या बोटांना ते आधी कळतं, कानांना मागून.

लग्न

ही दोन घराणी एकत्र आली ती आवाजाच्या हव्यासापायी. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर काढला. १९६५ पर्यंत ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडसाठी तो शंभर वॅटवर गेला. पुढे लक्षात आलं, की व्हॉल्व्ह पूर्ण ताणले, त्यांना पेलवेनासं झालं, की आवाज फाटतो आणि ते फाटणंच कानाला गोड लागतं. चिरक्या आवाजाची शाहिरी ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण हा गोडवा फक्त भर ताकदीवर मिळायचा, आणि भर ताकदीला स्टेज लागतं. घरात, रेकॉर्डिंगच्या खोलीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो मिळणार कसा?

यावर उत्तर देणाऱ्यांतला सगळ्यात नावाजलेला माणूस म्हणजे टॉम शोल्झ. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्रशास्त्र शिकलेला, पोलरॉइड कंपनीत नोकरीला, आणि रात्री घराच्या तळघरात गाणी रेकॉर्ड करणारा. ती गाणी १९७६ मध्ये ‘बोस्टन’ या बँडच्या पहिल्या अल्बमवर आली आणि जगभर वाजली. १९८० साली त्याने स्वतःची कंपनी काढली. तिचं पहिलं उत्पादन ‘पॉवर सोक’. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये बसून ताकद शोषून घेणारा डबा. नावातच शोषणं आहे. आत रेझिस्टर, म्हणजे बापाच्या घराण्याचा सरळ वारस. आवाज कमी झाला, फाटण्याचा गोडवा बराचसा राहिला, पण टेकडी आणि चढ सपाट झाले.

पुढच्या दशकांत गिटारवाले तीच तक्रार करू लागले, जी शंभर वर्षांपूर्वी तारमास्तरांची होती: रेझिस्टरने तराजू जुळत नाही. आणि उपायही तोच निघाला. रेझिस्टरच्या सोबतीला साठवणारे आणि परत फेकणारे भाग, म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर. मुइरहेडने पेटीत समुद्र बसवला होता, यांनी शंकू बसवला.

रिवाइंडिंगच्या दुकानात

या डब्याला लागणारं सगळं सामान मानोऱ्यासारख्या गावात किंवा तासा-दोन तासांच्या अंतरावर मिळू शकतं. सगळ्यात अवघड समजला जाणारा भाग, तांब्याची कॉइल, तर इथे रोजच्या कामातला. ओलिताच्या गावाला मोटर रिवाइंडिंगचं दुकान असतंच, आणि ठरलेल्या गेजच्या तारेचे ठरलेले वेढे मोजून घालणं हेच त्याचं पोट.

पन्नास वॅटच्या, आठ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी हिशेब असा. आधी बापाचा वाटा: सहा-सात ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर, अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचा, जाड पत्र्यावर किंवा हीटसिंकवर घट्ट आवळलेला. पन्नास वॅट, आठ ओहम म्हणजे २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर. पण फाटेपर्यंत ताणलेला अ‍ॅम्प्लिफायर छापील आकड्याच्या जवळपास दुप्पट ताकद ओकतो. त्यामुळे रेझिस्टर निदान दीडशे वॅटचा घ्यावा. छापील वॅट तो हीटसिंकवर असला तरच खरे, हवेत लटकवला तर खोटे.

मग वरचा चढ. त्यासाठी रेझिस्टरच्या रांगेत अर्ध्या मिलिहेन्रीची कॉइल. हजार हर्ट्झला ती सव्वातीन ओहमच्या आत अडवते, दहा हजारला एकतीस ओहम. स्पीकरच्या चढाला जवळपास हेच हवं. लोखंडाच्या गाभ्याशिवायची कॉइल बरी, कारण जोराच्या प्रवाहात लोखंड चुंबकाने तुडुंब भरतं आणि कॉइलचा आकडा घसरतो. अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हीलरने १९२८ साली अशा कॉइलींसाठी एका ओळीचं सूत्र दिलं, ते अजून चालतं. त्यावरून पाहिलं तर एक इंच रुंदीच्या आणि सरासरी दोन इंच व्यासाच्या गुंडाळीला साधारण ११५ वेढे बसतात. अठरा गेजची तार घेतली तर ती अठरा-एकोणीस मीटर लागते आणि तिचा स्वतःचा रोध पाव ओहमच्या जरा वर येतो. पाच अश्वशक्तीची मोटर बांधणाऱ्याला हे चहा निवेपर्यंतचं काम.

राहिली टेकडी, म्हणजे नंगाऱ्याचा घुमारा. त्यासाठी तीन भाग एकमेकांना समांतर जोडून रांगेत घालायचे: १२ मिलिहेन्रीची मोठी कॉइल, २२० मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर आणि चाळीस-पन्नास ओहमचा रेझिस्टर. कॉइल आणि कंडेन्सर मिळून ९८ हर्ट्झवर घुमतात. कॉइल इथे स्प्रिंगच्या जागी, कंडेन्सर शंकूच्या वजनाच्या जागी, आणि रेझिस्टर म्हणजे नंगाऱ्यावर ठेवलेला तळवा. तो किती घुमू द्यायचं ते ठरवतो. साधा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर उलटसुलट विजेत टिकत नाही. पण ४७० मायक्रोफॅरडचे दोन घेऊन त्यांचे ऋण पाय एकमेकांना जोडले, की २३५ चा एक दुतोंडी कंडेन्सर तयार होतो. घुमारा थोडा खाली, ९५ हर्ट्झला सरकतो. खरे स्पीकरही एकमेकांपासून याहून जास्त सरकलेले असतात.

तीन गोष्टी विसरायच्या नाहीत. डब्याला भोकं हवीत, कारण आत पंचवीस वॅटच्या दोन-चार सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता होणार आहे. दोन्ही कॉइल एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या, नाहीतर त्या आपसात बोलतात. आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना डब्याची वायर कधीच काढायची नाही. का ते वर आलेलंच आहे.

डब्याला काय येत नाही

डब्यातून निघालेली बारीक वायर कॉम्प्युटरला गेली तरी काम संपत नाही. अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकरसाठी जी वीज दिली असती ती आपल्याला मिळाली. कागदाचा शंकू, लाकडी खोकं आणि मायक्रोफोन यांनी तिचं काय केलं असतं, ते अजून बाकी आहे. ते आता गणित करतं. खऱ्या स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत एक सूर सरकवतात, मायक्रोफोनने टिपतात, आणि त्यातून त्या स्पीकरचा ठसा काढतात. त्याला ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ म्हणतात. तो ठसा कुठल्याही रेकॉर्डिंगवर उमटवता येतो. त्यामुळे लंडनच्या कुठल्याशा खोक्याचा आवाज मानोऱ्यात हेडफोनवर ऐकू येतो. पण स्पीकरच्या आवाजाची नक्कल सॉफ्टवेअरने केली, तरी त्याच्या वजनाची नक्कल सॉफ्टवेअरला जमत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्स्फॉर्मरला टेकायला खरंखुरं काहीतरी लागतं. तिथे अजून तांब्याचे ११५ वेढेच घालावे लागतात.

एक गोष्ट तांब्यालाही जमत नाही. मोठ्या स्पीकरसमोर उभं राहिलं की आवाज हवेतून गिटारच्या तारांवर आदळतो, तारा पुन्हा थरथरतात आणि एक सूर मिनिटभर तगतो. डब्यासमोर गिटार धरून कितीही वेळ उभं राहा. तो तारांना काही म्हणणार नाही.

म्हणून मुका डबा फुकट ताकद जाळतो असं वाटेल. पण खऱ्या स्पीकरचा जमाखर्च पाहा. एका वॅटला, एक मीटरवर, शंभर डेसिबल देणारा गिटार स्पीकर कानठळ्या बसवणारा समजला जातो. असा तडाखेबंद स्पीकरही घेतलेल्या शंभर वॅटमधले सहाएक वॅटच आवाज म्हणून हवेत सोडतो. उरलेले चौऱ्याण्णव त्याच्या कॉइलमध्ये, कुणाला न सांगता, गरम होऊन जातात. म्हणजे मंडपातला, मिरवणुकीतला, यात्रेतला स्पीकरही मुख्यतः लोडच घेत असतो. वाजणं हा त्याचा जोडधंदा. डब्याने त्या शंभरातले फक्त सहा वाचवले आहेत.

ते सहा कुणाचे? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, आणि वस्तीच्या भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची. दहा वाजून गेलेले असतात. हरभऱ्याला पाणी द्यायला दोनला उठणारा झोपलेला असतो. एखाद्या खोलीत कुणी पोरगं कानाला हेडफोन लावून अ‍ॅम्प्लिफायर शेवटच्या काट्यावर नेतं आणि तासभर मनासारखं वाजवतं. भिंतीपलीकडे कुणी कूस बदलत नाही. मग ते स्विच बंद करतं, व्हॉल्व्हमधला केशरी उजेड हळूहळू विझतो, आणि निजायच्या आधी ते डब्याच्या झाकणावर हात ठेवून पाहतं. झाकण चांगलंच तापलेलं असतं.